दारातले प्रेम आणि पंगतीतले प्रेम

गेल्या कार्तिकीच्या सुमारास अकोल्यास एक कीर्तन आटोपले, श्रोतेमंडळी एकमेकांच्या पाया पडून पांगू लागली, आणि एका तरुण शिक्षकाने आम्हांस मंडपाच्या दाराशीच थांबविले. म्हणाला, "महाराज, ख्रिस्ती लोक सदासर्वदा प्रेम, प्रेम म्हणतात. सर्वांना आमच्या प्रभूच्या घरात जागा आहे, असे त्यांचे पाद्री सांगतात. पण त्यांच्या चर्चमध्ये हे प्रेम खरोखर नांदते काय? की तेही आपले बोलण्यापुरतेच?"

आम्ही उत्तर द्यायच्या आधीच शेजारी उभे असलेले एक वयस्क गृहस्थ हसून म्हणाले, "त्याइचं काय इचारता बाप्पा! पीठ देऊन बाटवनं, हेच त्याइचं प्रेम." चार लोक हसले. खरे सांगायचे तर थोडेसे आम्हीही हसलो. रात्र झाली होती, मोटार निघायची होती, प्रश्न तिथेच राहिला. परंतु काही प्रश्न असे असतात की ते मंडपात सोडून आलो म्हणून सुटत नाहीत, आपल्या मागोमाग घरी येतात. त्या हसण्याचीही पुढे आम्हांस लाज वाटू लागली; ती का, ते शेवटी सांगू. तूर्त त्या शिक्षकाच्या प्रश्नाचा विचार वाचकांसमोर करावा, असे योजिले आहे.

वाचकहो, दुसऱ्याच्या धर्माची परीक्षा करताना प्रथम एक पथ्य पाळावे. माप आपले लावू नये, त्याचेच लावावे. बाजारात सुद्धा धान्य धान्याच्या मापाने आणि तेल तेलाच्या मापाने घेतात. मग ख्रिस्ती मंडळींचे स्वतःचे माप कोणते?

ते माप त्यांच्या ग्रंथात स्पष्ट आहे. येशू ज्यांच्याबरोबर जेवायला बसला, ते त्या काळच्या भल्या लोकांनी ओवाळून टाकलेले होते: जकातदार, पापी म्हणून गावाने दूर ठेवलेल्या बायामाणसे. महारोग्याला त्याने हात लावून बरे केले. नुसत्या शब्दाने बरे करण्याची शक्ती असताना हात लावला, हे ध्यानात घ्यावे. मरणाच्या आदल्या रात्री त्याने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. वाटेत जखमी पडलेल्या माणसाची गोष्ट त्याने सांगितली. तीत पुरोहित बाजूने निघून जातो, आणि जखमा बांधतो तो हलका मानलेल्या शोमरोनी जातीचा वाटसरू. पुढे याकोबाच्या पत्रात तर आमच्या विषयाची अगदी नेमकी कसोटी दिली आहे. तिचा भाव असा की, तुमच्या सभेत सोन्याची अंगठी घातलेला मनुष्य आला तर त्याला तुम्ही मानाची जागा देता, आणि फाटक्या वस्त्राचा आला तर त्याला खाली पायांपाशी बसवता, मग तुमचा विश्वास कसला? म्हणजे पहा, बसायची जागा कोणास कोठे मिळते यावरून भक्ती खरी की खोटी हे ठरवावे, असे त्यांचाच ग्रंथ म्हणतो. आमच्या वारकऱ्यास हे माप परके वाटू नये. आम्ही त्यालाच पंगत म्हणतो.

तेव्हा प्रश्नाचे दोन भाग पडतात. दाराशी आलेल्या दुःखी माणसाशी चर्च कसे वागले, हा एक. आणि तोच माणूस आत आल्यावर त्याला कुठे बसविले, हा दुसरा. पहिल्याला आम्ही दारातले प्रेम म्हणतो, दुसऱ्याला पंगतीतले. दोन्ही एक नव्हेत. पहिले सोपे असते, कारण देणारा उभा आणि घेणारा वाकलेला असतो. दुसऱ्यात दोघांनाही एकाच तरटावर मांडीला मांडी लावून बसायचे असते.

प्रथम दारातले पाहू. आमच्या वऱ्हाडात मिशनची माणसे आली ती एकोणिसाव्या शतकात. अकोल्यास अलायन्स मिशनने ठाणे केले, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट आले, अचलपूर-मेळघाटच्या बाजूस कोरकू लोकांत काम सुरू झाले, नागपूरकडून कॅथलिक पाद्री आले. पुढे १९५५ साली अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांत नागपुरापासून वेगळा झाला. ह्या लोकांची खरी ओळख आमच्या आज्या-पणज्यांना झाली ती १८९९-१९०० च्या दुष्काळात. त्याला छपन्नाचा दुष्काळ म्हणतात. पाऊस गेला, गुरे गेली, पाठोपाठ पटकीची साथ आली, आणि रस्त्याच्या कडेला पोरकी लेकरे बसलेली दिसू लागली. त्यांतली कित्येक लेकरे मिशनच्या अनाथालयांनी उचलली, न्हाऊ-माखू घातली, अक्षर शिकविले, सुतारकी, शिवणकाम शिकविले.

पुढे ती मुले ख्रिस्ती झाली. गावाने म्हटले, "भाकरीसाठी बाटले." हा शब्द आजही आमच्या तोंडी सहज येतो. अकोल्याच्या मंडपात आलाच. पण शांतपणे विचार करावा. ज्या लेकराला आपण भाकरी दिली नाही, त्याने ती दुसऱ्याच्या हातून घेतली म्हणून त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? मिशनऱ्यांतही सगळेच निरपेक्ष होते असे आम्ही म्हणत नाही. किती आत्मे जिंकले याचा हिशेब ठेवणारेही त्यांत होते, आणि भुकेल्याच्या भुकेचा फायदा घेऊन त्याचा धर्म बदलणे हे प्रेम नव्हे, तो सौदा आहे, हे येशूच्या मापानेच सिद्ध होते. कारण त्या शोमरोन्याने जखमी माणसाला पट्टी बांधताना कोणतीही अट घातली नव्हती. तरी सौद्याचा दोष सांगणाऱ्याने आधी आपली भाकरी पुढे केलेली असावी, एवढेच आमचे म्हणणे.

दुसरे उदाहरण महारोग्यांचे. परतवाड्याजवळ कोठारा येथे मिशनचे कुष्ठरोग्यांसाठीचे रुग्णालय कित्येक दशके चालत आले आहे. आमच्या लोकांनी ज्यांना गावकुसाबाहेर काढले, त्यांच्या बोटांवरच्या जखमा तेथे कोणीतरी रोज धूत होते. अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी तपोवन उभे केले ते १९४६ साली. दाजीसाहेबांची ती सेवा आमच्या वऱ्हाडाचे भूषण आहे, परंतु आमचे भूषण जागे व्हायला १९४६ साल लागले, हेही खरे. विद्येचे म्हणाल तर जोतीराव फुले इंग्रजी शिकले ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत. त्या बाकावर बसायला मुलाची जात आडवी आली नाही, ही गोष्ट जोतीराव आयुष्यभर विसरले नाहीत.

तात्पर्य, दारातल्या प्रेमाच्या परीक्षेत मिशनच्या मंडळींना पुष्कळ गुण द्यावे लागतात. आता पंगतीकडे वळू.

तमिळनाडूत तिरुनेलवेली जिल्ह्यात वडक्कनकुलम् नावाचे गाव आहे. तेथे १८७२ साली कॅथलिक चर्च बांधले, त्याला विजारीच्या दोन पायांसारखे दोन लांब दालन काढले. वेदी एकच, पाद्री एकच. पण एका दालनात वेळ्ळाळ जातीचे ख्रिस्ती बसायचे आणि दुसऱ्यात नाडार जातीचे. एकाला दुसरा दिसू नये, पाद्री मात्र दोघांना दिसावा, अशी ती रचना. मधली आडभिंत पडायला १९१० साल उजाडले, आणि तीही सुखासुखी पडली नाही, मोठी भांडणे झाली.

हा दोष हिंदुस्थानच्या मातीचा, असे कोणी म्हणेल. तर दक्षिण आफ्रिकेकडे पहावे. तेथील गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चमध्ये प्रभूच्या स्मरणाची भाकर आणि प्याला काळे-गोरे एकत्र घेत असत. काही गोऱ्यांना ते खपेना. १८५७ साली त्या चर्चच्या धर्मसभेने ठराव केला. खरे पाहता सर्वांनी एकत्र बसणे हेच शास्त्राला धरून आहे, पण काही जणांच्या दुर्बलतेमुळे वेगळी उपासना करण्यास मुभा असावी, असा त्याचा आशय. वाचकहो, हा ठराव पुन्हा एकदा वाचा. एकत्र बसणे खरे आहे हे त्यांना ठाऊक होते. तसे लिहूनही ठेवले. आणि तरी वेगळे बसविले. का, तर काही लोकांचे मन मोडू नये म्हणून. ती मुभा पुढे रीत झाली, रीतीचे चर्चच वेगळे झाले, आणि विसाव्या शतकात वर्णभेदाच्या सरकारी कायद्यांना त्याच चर्चने आधार दिला. १९८२ साली जगातील रिफॉर्म्ड चर्चांच्या संघाने हा वर्णभेद म्हणजे पाखंड आहे असे जाहीर केले. सव्वाशे वर्षे लागली.

ख्रिस्ती मंडळींत ह्याला विरोध करणारे नव्हते असे नाही. मद्रासच्या प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी १८५० साली परिषद भरवून ठरविले की जात सोडल्याची खात्री पटल्यावाचून कोणास बाप्तिस्मा देऊ नये, आणि ती खात्री पटवायची कशी, तर अस्पृश्याच्या हातचे अन्न खाऊन. म्हणजे त्यांनाही अखेर कसोटी सापडली ती पंगतीचीच. तरीही जात गेली नाही. कॅथलिक बिशपांच्या भारतीय परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये एक धोरण प्रसिद्ध केले आणि आपल्या चर्चमध्ये दलितांशी भेदभाव होतो हे स्वतःच कबूल केले. दलित समाजातला पहिला भारतीय कार्डिनल व्हायला तर २०२२ साल यावे लागले. शिवाय कायद्याने एक विचित्र पेच करून ठेवला आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्याच होत्या. १९५६ साली त्या शिखांना व १९९० साली बौद्धांना लागू झाल्या, ख्रिस्ती झालेल्यांना मात्र नाहीत. त्यांच्या धर्मात जात नाही म्हणून सरकार म्हणते. जात नाही असे पाद्रीही व्यासपीठावरून सांगतो. आणि लग्न ठरविताना त्या बिचाऱ्याला जुने आडनाव विचारले जाते. डॉ. आंबेडकरांनी १९३५ साली येवल्यास हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केल्यावर त्यांनी ख्रिस्ती धर्माचाही विचार केला. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली हे त्यांनी स्पष्ट लिहिले, आणि १९५६ साली नागपुरास वाट घेतली ती बुद्धाची. एवढ्या मोठ्या पाहुण्याने दारातून आत डोकावून पंगत पाहिली आणि तो पुढे गेला, असेच म्हणावे लागेल.

जातीखेरीज दुसरा एक भेद होता, तो गोऱ्या साहेबाचा आणि देशी ख्रिस्त्याचा. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. तेथल्या भगिनींनी त्यांना आसरा दिला, माया केली. पण गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाई म्हणाल्या, मला लॅटिन कळत नाही, माझ्या पूर्वजांची भाषा संस्कृत, ती अक्षरे घाला. त्या मांसमच्छी खात नसत, तेही टोचू लागले. प्रभू मान्य, पण प्रभूबरोबर तुमचे स्वयंपाकघर आणि तुमची लिपी आलीच पाहिजे काय, असा त्या बाईंचा प्रश्न होता. पुढे त्यांनी केडगावास मुक्तिसदन काढले आणि दुष्काळातल्या शेकडो मुलींची आई झाल्या, ते आपल्या पद्धतीने.

आमच्या वारकऱ्यांना अधिक जवळचे उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. नागपुराहून राजनांदगावास जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ साली मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु तुकोबांना त्यांनी सोडले नाही. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते मानीत, आणि अभंग, ओवी, कीर्तन घेऊन ते चर्चमध्ये शिरले. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे एकदम टाकले नाही, त्याच घरात आपले अन्नपाणी वेगळे ठेवले. टिळकांनी सक्ती केली नाही. जात देवाने केलेली नाही हे बाईंना स्वतःच्या विचाराने पटले तेव्हा त्या मोकळ्या झाल्या, आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एका घरात एवढा धीर धरला गेला, ह्याला आम्ही पंगतीतले प्रेम म्हणतो. पण मिशनच्या संस्थेत टिळकांचा जीव रमला नाही. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, न घेतलेल्यांनाही होती. १९१९ साली टिळक वारले आणि दरबार पुढे वाढला नाही. परंतु आजही आमच्या वऱ्हाडातल्या मराठी चर्चमध्ये रविवारी टाळ-तबल्यावर टिळकांची भजने म्हटली जातात, ती ऐकत वारकरी रस्त्याने चालला तर क्षणभर थबकतो.

असो. एवढे लिहून झाल्यावर कोणी म्हणेल, चला, निकाल लागला. चर्च पंगतीत नापास. वाचकहो, एवढ्यासाठी हा लेख लिहिला नाही. आपली पंगत अजून मोजायची आहे.

आमच्या वऱ्हाडच्या कित्येक दिंड्या मंगळवेढ्यावरून पंढरीत शिरतात. मंगळवेढे म्हणजे जेथे चोखोबा गावकुसाची भिंत बांधता बांधता तिच्याखाली गाडले गेले ते गाव. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी दिली. आम्ही ही कथा डोळ्यांत पाणी आणून सांगतो. पण ती समाधी दाराबाहेर आहे, आत नाही, याचा अर्थ किती जण सांगतात? चोखोबांच्या जातीची माणसे त्यांच्यामागे सहाशे वर्षे त्याच समाधीपासून मागे फिरत राहिली. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात प्राण पणाला लावून उपवास केला तेव्हा कुठे पांडुरंगाचे दार उघडले, आणि त्या वेळी गुरुजींना विरोध करणाऱ्यांत गळ्यात तुळशीमाळ असलेले लोकही होते. आमच्या अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून १९२७ साली चळवळ करावी लागली, तीत पंजाबराव देशमुख पुढे होते. गाडगेबाबा ह्याच जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांनी पंढरपुरास चोखामेळा धर्मशाळा बांधली. का बांधावी लागली? कारण त्या वारकऱ्यांना दुसऱ्या धर्मशाळांत पाठ टेकायला जागा नव्हती. वारी एक, वाट एक, ऊन एक, आणि रात्री निजायला मात्र ओटे वेगळे. वडक्कनकुलमच्या दोन दालनांना हसायचे आम्ही कोणत्या तोंडाने?

बाजू घेणारे म्हणतात की वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात जात पाहत नाहीत. हे खरे, आणि ती आमच्या संप्रदायाची मोठी कमाई आहे. ख्रिस्ती लोकांतही गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाद्री बारा जणांचे पाय धुतो. दोन्ही धर्मांना देव सापडला तो माणसाच्या पायांपाशी, हा काही लहान योग नव्हे. परंतु पाया पडून उठल्यावर काय, हा प्रश्न दोघांनाही चुकत नाही.

आता त्या लाजेची गोष्ट.

काही वर्षांमागे आमची दिंडी पंढरीच्या वाटेवर होती. त्या वर्षी पाऊस आधी आला होता, चिखलाने लोकांचे पाय फुटले होते. एका मुक्कामावर एक परिचारिका आम्हांस येऊन मिळाली. मूळची आमच्याच जिल्ह्यातली, ख्रिस्ती, कुठल्याशा मिशनच्या दवाखान्यात नोकरीला. सुट्टी काढून तीन दिवस आली होती. संध्याकाळी मुक्काम पडला की ती पातेल्यात पाणी तापवी, मीठ घाली, आणि खाली बसून एकेकाचा पाय मांडीवर घेऊन धुई. फोड साफ करी, मलम लावी, पट्टी बांधी. म्हाताऱ्या बाया तिला "सिस्टरबाई" म्हणू लागल्या. आमचेही पाय तिने धुतले.

पहिल्या रात्री पंगत बसली. ती हात धुऊन येऊन उभी राहिली. कोणीतरी हळूच म्हणाले, "तिले तिकडं द्या, टरकापाशी. लोकाइचं मन मोडू नये." कोणी हो म्हटले नाही, कोणी नाही म्हटले नाही. पत्रावळ सामानाच्या ट्रकपाशी गेली. वाचकहो, त्या रात्री पिठल्याची पळी आमच्या हातात होती. आम्ही आख्खी पंगत वाढली आणि मग तिकडे जाऊन तिला वाढले, आणि वर, "पोटभर घे माय," असेही म्हटले. दुसऱ्या रात्री तसेच. ती काही बोलली नाही. ट्रकच्या चाकाला टेकून जेवली आणि पुन्हा पातेले तापवायला गेली.

तिसऱ्या रात्री दर्यापूरकडची एक म्हातारी माळकरीण, जिच्या टाचेची पट्टी रोज बदलली जात होती, ती पंगतीतून उठली. आपली पत्रावळ दोन्ही हातांनी सांभाळीत लंगडत लंगडत ट्रकपाशी गेली आणि सिस्टरबाईच्या शेजारी बसली. भाषण नाही, उपदेश नाही. एवढेच म्हणाली, "इथं वारा बरा येते." मग आणखी दोन बाया उठल्या. आम्ही पळी घेऊन उभे.

जेवणे झाल्यावर आम्ही धीर करून त्या परिचारिकेजवळ गेलो. क्षमा मागायची होती, पण तोंडातून दुसराच प्रश्न गेला. "बाई, तुमच्या चर्चमध्ये तरी सगळ्यांना सारखे वागवतात का?"

ती हसली. "कायचं जी, काकाजी! आमचा आजा छपन्नाच्या दुष्काळातला पोरका. आज चौथी पिढी, तरी लगनाच्या बोलनीत जुनं आडनाव इचारतेतच. पुढच्या बाकावर कोन बसते अन् मागच्यावर कोन, हे आमाले लहानपनापासून ठावूक."

आम्ही म्हणालो, "मग तिथे राहता कशा?"

तेव्हा तिने जे म्हटले ते आम्ही जन्मभर विसरणार नाही. "चर्चकडं पाहून म्या प्रभूचे पाय नाई धरले. तुमी काय बडव्याइकडं पाहून पांडुरंग धरला?"

आमच्यापाशी उत्तर नव्हते, कारण उत्तर तिनेच दिले होते. बडव्यांचे वंशपरंपरेचे हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली संपविले. पण त्याआधीच्या कित्येक पिढ्या वारकरी धक्के खात, पैसे देत, अपमान गिळत दर्शनाला गेलाच ना? तो बडव्यांसाठी गेला नव्हता. तशीच ही बाई.

आता अकोल्याच्या त्या शिक्षकास आमचे उत्तर. चर्च आपल्या प्रेमाच्या शिकवणुकीला जागले काय? दारात पुष्कळ वेळा जागले, आणि तेथे आम्ही त्यांच्याकडून शिकावे. पंगतीत पुष्कळ वेळा चुकले, आणि तेथे आम्ही त्यांच्या शेजारीच उभे आहोत. चुकण्याचे कारणही दोघांचे एकच. देवाला काय आवडते हे संस्थेला माहीत असते, पण आपल्यातले चार प्रतिष्ठित नाराज होतील ह्याचे तिला भय वाटते. १८५७ साली आफ्रिकेतल्या धर्मसभेने जे लिहिले तेच आमच्या दिंडीत ट्रकपाशी कोणीतरी कुजबुजले. त्या धर्मसभेचे नाव आम्ही कधी ऐकले नसेल, पण तिचा ठराव आम्ही पाळला. दुर्बल कोण होते? ती सिस्टरबाई नव्हे. दुर्बल आम्ही होतो, आणि आमच्या दुर्बलतेचा दंड तिने दोन रात्री भरला.

कोणी शंका घेईल की अशाने सगळे धर्म एकच होतील, माळ आणि क्रूस यांत भेद उरणार नाही. तसे आम्ही म्हणत नाही. चर्चमधली प्रभूची भाकर कोणी घ्यावी हा त्यांच्या दीक्षेचा प्रश्न, माळ कोणी घालावी हा आमच्या नेमाचा. ज्याने त्याने आपला नेम निष्ठेने पाळावा. पण भुकेल्याला वाढण्यात आणि जेवणाऱ्याच्या शेजारी बसण्यात दीक्षा आडवी येत नाही. आडवा येतो तो अहंकार, आणि तो कोणत्याच धर्माचा नव्हे. आणखी एक सांगावेसे वाटते. चर्चमधली जात पाहून ज्याला आनंद होतो, त्याने समजावे की आपल्याला जातीचे दुःख नाही, फक्त दुसऱ्याची फजिती हवी आहे. परदोष पाहून सुखावणे हा संतांनी सांगितलेला मार्ग नव्हे.

आमच्या दिंडीने त्यानंतर एक नियम केला आहे, तो येथे नमूद करतो. पंगतीत जो ज्या क्रमाने हात धुऊन येईल तो त्या क्रमाने बसेल. कोणाचे आडनाव विचारायचे नाही, कोणाचे ताट बाजूला न्यायचे नाही. ज्याचे मन मोडत असेल त्याने आपली पत्रावळ स्वतः उचलून बाजूला बसावे. त्यालाही तेथे नेऊन वाढले जाईल, प्रेमानेच. पहिल्या वर्षी दोघे-तिघे उठून गेले. पुढल्या वर्षी एकच गेला. मागल्या वर्षी कोणी गेले नाही.

ती सिस्टरबाई मात्र पुन्हा भेटली नाही. तिची बदली झाली असे ऐकतो. तिची क्षमा मागायची त्या रात्री राहून गेली, ती येथे मागतो. आणि ती दर्यापूरकडची माउली आता हयात नाही. शिकलेली नव्हती, तिने येशूचे चरित्र वाचले नव्हते, याकोबाचे पत्र ऐकले नव्हते. पत्रावळ उचलून चार पावले चालली, एवढेच.

वाचकहो, येत्या आषाढीला आपापल्या फडात, आपापल्या गावच्या सप्ताहात, पंगत बसली की क्षणभर मान वळवून पहावे, ट्रकपाशी कोणी बसले आहे काय. बसले असेल तर उठून जावे. तिकडे वारा बरा येतो.

राम कृष्ण हरि.